साहेबांना सर्व समजते, असे वाचावे

आमच्या कार्यालयात मेल पाठवायची पद्धत आहे, वाचायची नाही. पाठवणारा पाठवून मोकळा होतो आणि ज्याला पाठवला तो आधीपासूनच मोकळा असतो. मीही या बाबतीत कुणाला हार जाणारा नाही. वृक्षारोपण, प्रशिक्षण, ‘निरंक असल्यास निरंक अहवाल सादर करावा’ असले सगळे मेल माझ्या खात्यात ठळक अक्षरांत, न उघडलेले, शांतपणे पडून असतात. पण ‘अमुक अमुक यांना त्यांचा आधीचा संदेश परत घ्यायचा आहे’ अशी इंग्रजी सूचना आली, की माझ्यासारखा वाचक अख्ख्या वऱ्हाडात शोधून सापडायचा नाही. चहा बाजूला ठेवतो, चष्मा पुसतो, मूळ मेल हुडकून काढतो आणि अथपासून इतिपर्यंत वाचतो. जोडलेली फाइलही उघडतो. बहुतेक वेळा पदरी निराशाच येते. बैठकीची तारीख चुकलेली असते, नाहीतर बेरीज. तरी मी वाचन सोडलेलं नाही. एक ना एक दिवस काहीतरी हाती लागेल ही आशा होती, आणि मागच्या कार्तिकात ती फळाला आली.

आमचे मोठे बाबू मूळचे कौंडण्यपूरचे. तिवसा तालुक्यातलं, वर्धा नदीच्या काठचं हे गाव म्हणजे रुक्मिणीचं माहेर, म्हणून विठोबाची सासुरवाडी. कार्तिक पौर्णिमेला तिथं यात्रा भरते, दुसऱ्या दिवशी दहीहंडी होते आणि मोठे बाबू रजेवर जातात. या तिन्ही गोष्टी कुठलाही शासन निर्णय न निघता दरवर्षी होतात. रजेवर जाताना बाबू मोबाइल सोबत नेतात, आणि तिथून पुढचं सगळं घडतं.

त्याच सुमारास साहेबांनी कार्यालय कागदमुक्त केलं होतं. यापुढे एकही कागद फिरणार नाही, सगळा व्यवहार मेलनंच होईल, आणि प्रत्येक मेलची एक प्रिंट काढून फाइलला लावली जाईल, असं परिपत्रक निघालं. तेही सर्वांना मेलनं आलं. मी ते वाचलं नाही. मोठ्या बाबूंनी मात्र घाटावर बसल्या बसल्या, रजेचा दिवस म्हणून विरंगुळ्यासाठी, वाचलं. मग त्यांना माझी आठवण झाली आणि त्यांनी मला चार ओळी खरडल्या. त्या चार ओळी आता आमच्या कार्यालयात मुखोद्गत आहेत:

‘साहेबाले काही समजत नाही. कागद बंद करा म्हणते अन् मेलची प्रिंट काहाडा म्हणते. मान मात्र असी हलवते जसं सारं समजलं. तू प्रिंट काहाडू नको, मी आल्यावर पाहू.’

पाच मिनिटांत फोन आला. मागं टाळ वाजत होते.

“भाऊ, कुठी हायेस?”

“हापिसात.”

“मंग पयले माह्या टेबलावर जा.”

“काय झालं बाबू?”

“मेल गेला.”

“कोणाले?”

“तुले पाठवाचा होता.”

“मंग?”

“साऱ्याइले गेला. रिप्लाय ऑल झालं लेका! इथं हंडी फुटाची हाय, माही पयलेच फुटली!”

मी त्यांच्या टेबलाकडे जाईपर्यंत लेखा शाखेतून हसण्याचा आवाज आला होता. लेखा शाखा एरवी फक्त मार्चमध्ये आवाज करते आणि तो हसण्याचा नसतो.

मोबाइलवरून आमचा मेल मागे घेता येत नाही, त्यासाठी संगणकावरच बसावं लागतं. बाबूंचा पासवर्ड गुप्त आहे, म्हणजे टेबलाच्या काचेखाली विठोबाच्या फोटोमागे ठेवलेला आहे. फोटो ढकलून आम्ही आत शिरलो. आम्ही म्हणजे मी, कंत्राटावरचा कॉम्प्युटरवाला पोरगा, आणि ‘काय झालं, काय झालं’ करत जमलेली आस्थापना शाखा. पोरानं दोन-तीन ठिकाणी टिचक्या मारून रिकॉलची खिडकी उघडली आणि मला समजावलं.

“काका, हे चालाले तीन गोष्टी लागते. एक, समोरचा आपल्याच सर्व्हरवर पाहिजे. दोन, त्याचं आउटलुक कॉम्प्युटरवर चालू पाहिजे. तीन, त्यानं मेल वाचलेला नसला पाहिजे.”

“म्हणजे ज्यानं वाचलाच नाही त्याच्याकडून परत येते?”

“हो.”

“अन् ज्यानं वाचला त्याच्याकडून?”

“त्याले दुसरा मेल जाते, का बाबूले हा मेल परत पाहिजे म्हणून.”

“म्हणजे त्यानं पुन्हा एकदा नीट वाचावा म्हणून.”

“तसंच समजा.”

मायक्रोसॉफ्टनं 2023 साली ही सोय सुधारली असं पोरगा म्हणतो. नव्या व्यवस्थेत वाचून झालेला मेलही सर्व्हरवरच्या सर्व्हरवर उचलता येतो. आमचं सॉफ्टवेअर त्याआधीचं. नवीन घेण्याचा प्रस्ताव आम्ही वर मेलनं पाठवला होता, तेव्हा पुढं काय झालं ते सांगायला नको. जीमेलनं 2009 साली ‘अनडू’ आणलं ते या मानानं सरळ होतं. त्यात मेल परत येतच नाही, कारण तो गेलेलाच नसतो. बटण दाबल्यावर पाच सेकंद तो उंबऱ्यातच ताटकळत ठेवतात. पुढं ही मुदत तीस सेकंदांपर्यंत वाढवायची सोय झाली. पाच सेकंदांत आमच्या मोठ्या बाबूंचा चष्मा कपाळावरून नाकावरही येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवाले जास्त व्यवहारी निघाले. 2017 साली त्यांनी पुसायला सात मिनिटं दिली होती, आता दोन दिवसांहून जास्त देतात. दोन दिवसांत आमच्याकडं सोयरीक जुळून मोडते. पण तिथंही मेसेज पुसला की ‘हा मेसेज डिलीट केला’ अशी पाटी मागं राहते, आणि काकू रात्री दहाला फोन करून विचारतात, “काय लिहिलं होतं रे?”

असो. पोरानं बटण दाबलं. साठ-सत्तर जणांना ‘मोठ्या बाबूंना संदेश परत घ्यायचा आहे’ अशी सूचना गेली. तोवर ज्यांनी मेल उघडला नव्हता, आणि आमच्या परंपरेला धरून ते बहुसंख्य होते, त्यांनी तो खिशातल्या मोबाइलवर घाईघाईनं उघडला. मोबाइलवर वाचणाऱ्याला रिकॉल कुठून सापडणार? लगेच बाबूंच्या खात्यात अहवाल यायला लागले: रिकॉल फसला, रिकॉल फसला, रिकॉल फसला. एकेका नावानिशी फसत होता. आम्ही खाली सरकत सरकत वाचत होतो, आणि तेवढ्यात लाइन गेली.

आमच्याकडं यूपीएस आहे. लाइन गेली की तो लाइन गेल्याचं ओरडून सांगतो, यापलीकडे त्याचा उपयोग राहिलेला नाही. इन्व्हर्टर फक्त साहेबांच्या केबिनला आणि आवक-जावकला. बाकी कार्यालय अंधारात, आणि अंधारात सगळ्यांच्या हातातले मोबाइल उजळलेले. शिपाई मामांना मेल नाही. त्यांनी जोरात विचारलं, “आमाले तं वाचून दाखवा कोणी!” दोन-तीन जण एकदमच वाचायला लागले. साहेब दौऱ्यावर होते एवढंच नशीब.

मी बाबूंना फोन करून परिस्थिती सांगितली. गडी कौंडण्यपूरचा असल्यानं त्याही स्थितीत त्यांना पहिली आठवण झाली ती रुक्मिणीची. “आमच्या गावातून एवढं मोठं पत्र गेलं, काही बोभाटा झाला काय?” असं ते म्हणाले, आणि मला ते पटलं. भागवताच्या दहाव्या स्कंधातलं रुक्मिणीचं कृष्णाला लिहिलेलं ते पत्र पाहा. सगळं सात श्लोकांत. शिशुपालाशी लग्न ठरवलं आहे, उद्याची तारीख आहे, आदल्या दिवशी नगराबाहेर देवीच्या दर्शनाला जायची कुळाची रीत आहे, तिथून मला घेऊन जा, म्हणजे राजवाड्यात रक्तपात नको. दिनांक, स्थळ, वेळ, कार्यवाही, सगळं आलं. ‘योग्य ते करावे’ असला मोघम शेवट नाही. पाठवलं एका विश्वासू ब्राह्मणाच्या हाती, एकाच पत्त्यावर. थोरला भाऊ रुक्मी सीसीमध्ये नाही, बीसीसीमध्येही नाही. एकनाथांनी पुढं त्याच कथेवर ‘रुक्मिणी स्वयंवर’ रचलं, आणि मुलीचं लग्न लवकर जुळावं म्हणून घरोघर अजून त्याची पारायणं होतात. परत न घेतलेलं पत्र असं असतं. अमरावतीतली अंबादेवी हेच ते देऊळ असं आम्ही अमरावतीकर मानतो, आणि कौंडण्यपुरापासून तिथवर चाळीसेक किलोमीटरचं भुयार होतं असंही छातीठोक सांगतो. कौंडण्यपूरचा मजकूर अमरावतीत पोचायची सोय फार जुनी आहे म्हणायची.

आता रिकॉल करायला निघाला तो रुक्मी. बहीण परत आणल्याशिवाय राजधानीत पाऊल टाकणार नाही, अशी प्रतिज्ञा करून रथ घेऊन धावला. कृष्णानं त्याला धरला, जीव घेणार तेवढ्यात बहीण मध्ये पडली, म्हणून दाढीमिशा आणि केस अर्धवट भादरून सोडून दिला. माझ्या माहितीतला रिकॉल फसल्याचा हा सर्वांत जुना अहवाल, आणि तो तोंडावरच लिहिलेला. प्रतिज्ञेपायी त्याला परत जाता येईना. त्यानं भोजकट नावाचं दुसरं नगर वसवलं. आमच्याकडं भातकुलीला ते भोजकट म्हणतात. अमरावतीहून भातकुलीला जाताना मला नेहमी वाटतं, मेल मागे घ्यायला निघालेल्या प्रत्येकाची बदली शेवटी इथंच व्हायला पाहिजे.

ही सगळी कथा मी फोनवर बाबूंनाच ऐकवली. ते म्हणाले, “मले माह्या गावची कथा सांगू नको. आवक-जावककडं जा.”

आवक-जावकच्या ताई अत्यंत नियमाच्या. कागदमुक्तीचं परिपत्रक त्या एकट्यांनीच पाळलं होतं. येणारा प्रत्येक मेल त्या प्रिंट करतात, शिक्का मारतात, नोंदवहीत चढवतात. इन्व्हर्टरच्या कृपेनं बाबूंचा मेलही छापून, शिक्का बसून, क्रमांक घेऊन उद्याच्या डाकेच्या पॅडमध्ये जाऊन बसला होता.

“ताई, ते प्रिंट देऊन टाका. रिकॉल केला आहे.”

“क्रमांक पडला भाऊ.”

“मंग खोडून टाका.”

“खाडाखोड कराची? मंग ऑडिटले काय सांगू? मेल येऊन परत गेला म्हणून?”

विषयाच्या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘साहेबांच्या समजुतीबाबत.’

विधी शाखेतल्या मॅडम तोवर स्वतःहून आल्या. त्यांनी 1872 चा करार कायदा काढला. स्वीकृतीचं पत्र टपालात टाकलेलं असलं तरी ते समोरच्याला पोचण्याआधी किंवा पोचतानाच नकार पोचला, तर स्वीकृती मागे घेता येते. कायद्यातल्या उदाहरणात तो नकार तारेनं पाठवलेला आहे. टपाल खात्यातही वाटेत असलेलं पाकीट अर्ज देऊन, फी भरून परत मागवायची सोय आहे. हे ऐकून बाबूंच्या आवाजात एकदम जीव आला.

“मंग करा तार!”

“तार 2013 च्या जुलैत बंद झाली बाबू.”

“ते बी बंद?” इतका वेळ टाळांचा आवाज पार करून येणारा त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला.

इकडं नवीनच संकट. अकोल्याच्या शाखेतल्या एका सज्जनानं ‘कृपया माझे नाव या यादीतून वगळावे’ असं सर्वांना कळवलं. त्यावर दुसऱ्यानं ‘माझेही’ असं सर्वांना कळवलं. तिसऱ्यानं ‘कृपया कुणीही सर्वांना उत्तर देऊ नये’ असं सर्वांना कळवलं. यात आम्ही एकटे नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत नोव्हेंबर 2016 मध्ये एक चाचणीचा मेल चुकून आठ लाखांहून जास्त लोकांना गेला आणि ‘मला वगळा, मला वगळा’ करत सव्वा तासात सुमारे 50 कोटी मेल फिरले. राणीच्या राज्यात ही तऱ्हा, आम्ही तर वऱ्हाडातले. आमच्याकडं एकानं त्याच गर्दीत दिवाळी अग्रिमाची चौकशी करून घेतली.

अखेर मोठ्या बाबूंनी आपलं ठेवणीतलं शस्त्र काढलं. शुद्धिपत्रक. आयुष्यभरात त्यांनी कुठलीही चूक मागे घेतलेली नाही, दुरुस्त मात्र शेकड्यानं केल्या आहेत. घाटावरून त्यांनी मजकूर सांगितला, मी आवक-जावकच्या संगणकावर टंकला:

‘शुद्धिपत्रक. अतितात्काळ. संदर्भ: मोठे बाबू यांचा आजचा ईमेल. उपरोक्त संदर्भीय ईमेलमधील “साहेबाले काही समजत नाही” याऐवजी “साहेबांना सर्व समजते” असे वाचावे. तसेच “मान हलवते” याऐवजी “मान्यता देतात” असे वाचावे. उर्वरित मजकूर कायम राहील.’

मी म्हटलं, “बाबू, हे शुद्धिपत्रक वाचलं तं ज्याले माहीत नाही त्यालेही समजते ना मूळ मजकूर काय होता.”

“शुद्धिपत्रकात मूळ मजकूर लिहाच लागते. नियम हाय.”

“पण साहेबाले...”

“साहेबानं वाचलाच असन ना आतापावतर. दुनियेनं वाचला.”

शुद्धिपत्रक सर्वांना गेलं, आणि अतितात्काळ असल्यानं त्याची प्रिंट हातोहात साहेबांच्या टेबलावर गेली. साधी डाक उद्या सकाळी जाते.

दुसऱ्या दिवशी लाइन होती. कॉम्प्युटरवाल्या पोरानं बाबूंचं खातं उघडलं, आणि फसल्याच्या अहवालांच्या चळतीत त्याला एक वेगळा सापडला. एका ठिकाणी रिकॉल यशस्वी झाला होता. नाव साहेबांचं. साहेबांचं आउटलुक केबिनमध्ये चोवीस तास चालू असतं, कारण ते बंद केलं की मेल उडून जातात असा त्यांचा समज आहे. आणि पडद्यावर ते काही वाचत नाहीत, फक्त प्रिंट वाचतात. तिन्ही अटी अख्ख्या कार्यालयात पुऱ्या करणारा माणूस एकच निघाला, आणि नेमका ज्याच्याकडून मेल परत यायला पाहिजे होता तोच. आदल्या दिवशीच साहेबांच्या खात्यातून तो मेल नाहीसा झालेला. लाइन चार मिनिटं थांबली असती, तर शुद्धिपत्रकाची गरजच नव्हती.

हे आम्ही बाबूंना सांगावं की नाही यावर विचार करत होतो, तेवढ्यात शिपाई मामा केबिनमधून शुद्धिपत्रक घेऊन आले. वर साहेबांच्या हिरव्या शाईत लिहिलं होतं: ‘मला कशाबद्दल सर्व समजते? मूळ मेल आढळून येत नाही. शुद्धिपत्रकासोबत मूळ मजकूर न जोडणे ही गंभीर बाब आहे. प्रत आजच सादर करावी.’

“आता कोण सादर करते?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काल ज्यांनी मामांना तो वाचून दाखवला होता, त्यांच्यापैकी कुणाच्याच मोबाइलमध्ये आता तो मेल नव्हता. लेखा शाखेनं तर असा काही मेल आपल्याला मिळालाच नसल्याचं तोंडी कळवलं. एवढा यशस्वी रिकॉल मायक्रोसॉफ्टलाही जमला नसता.

आवक-जावकच्या ताई शांतपणे म्हणाल्या, “सकाळच्या डाकेत गेली ना प्रत. दहालेच.”

त्यानंतरचा तास मी लिहीत नाही. मामा केबिनच्या दारापाशी स्टूल टाकून बसले होते आणि मधून मधून पडद्याच्या फटीतून पाहून आम्हाला बोटांनी खुणावत होते, की साहेब सही करून राहिले, अजून सही करून राहिले. डाकेचं पॅड बाहेर आलं तेव्हा त्यात पस्तीस-चाळीस कागद होते. वृक्षारोपण, प्रशिक्षण, निरंक अहवाल, आणि त्यांच्या मध्ये बाबूंचा मेल. ताईंनी तो काढून टेबलावर ठेवला. ‘साहेबाले काही समजत नाही’ या ओळीच्या डाव्या समासात हिरव्या शाईत लिहिलं होतं:

‘पाहिले. सहमत. पुढील कार्यवाही करावी.’

खाली सही, तारीख, सगळं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ताईंनी प्रशासकीय शंका काढली. “भाऊ, साहेबानं मान्य केला तो मजकूर खरा का शुद्धिपत्रकातला? कारण मान्य मजकुरात साहेबाले इचारल्याबिगर बदल करता येत नाही.”

मी कौंडण्यपूरला फोन लावला. सगळं सविस्तर सांगितलं. तिकडं काला वाटप चाललं असावं, माणसांचा गलका येत होता. बाबू काहीच बोलेनात. मला वाटलं फोन कटला.

“भाऊ,” ते शेवटी म्हणाले, “त्या पोराले इचार, शुद्धिपत्रक रिकॉल करता येते काय?”

पोरगा शेजारीच उभा होता. “येते ना,” तो म्हणाला. “फक्त कोणी वाचलं नसलं पाहिजे.”